कोणाला कोणता रोल द्यायचा? वेबसाइटवरचे युजर, परवानग्या आणि सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइट हॅक झाली की सगळे आधी होस्टिंगला नाहीतर प्लगिनला, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरला, दोष देतात, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पण आत शिरलेल्या माणसाने नुकसान किती केलं हे कशावर ठरतं? ज्याचं लॉगिन त्याच्या हाती लागलं त्या युजरला साइटवर काय काय करता येत होतं यावर. म्हणून रोल हा विषय पहिल्या दिवशी सेट करून विसरून जायचा नाही. खाली जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते घेतलेत, उदाहरणं जास्त करून वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरची आहेत कारण बहुतेकांचं काम त्यावरच चालतं, पण तशाच ड्रुपल आणि जूमला या सॉफ्टवेअरबद्दलही जिथे फरक पडतो तिथे लिहिलंय.

रोल आणि परमिशन एकच ना?

नाही. परमिशन म्हणजे एकेक सुटी गोष्ट, जसं की लेख पब्लिश करणं, दुसऱ्याचा लेख बदलणं, फाइल अपलोड करणं, प्लगिन टाकणं. वर्डप्रेसमध्ये याला कॅपॅबिलिटी म्हणतात. रोल म्हणजे अशा परवानग्यांचा एक गठ्ठा, त्याला नाव दिलेलं. युजरला आपण रोल देतो आणि त्यातून परवानग्या त्याला मिळतात.

हे समजून घ्यायला थोडा इतिहास कामाला येतो. वर्डप्रेसमध्ये सुरुवातीला ० ते १० अशा युजर लेव्हल होत्या, जेवढा आकडा मोठा तेवढे अधिकार जास्त. २००५ च्या शेवटी २.० व्हर्जन आलं आणि त्यात लेव्हलच्या जागी रोल आणि कॅपॅबिलिटी आल्या. पण लोकांच्या डोक्यात अजून ती शिडीच आहे, म्हणजे साहेब आहेत तर त्यांना ॲडमिन, सिनियर आहे तर एडिटर, नवीन आलाय तर ऑथर. इथेच गडबड होते. रोल पदावरून किंवा मानावरून द्यायचा नसतो, तो माणूस रोज साइटवर बसून काय काम करतो ते बघून द्यायचा. साहेब महिन्यातून एकदा आकडे बघायला येत असतील तर त्यांना ॲडमिनची काहीच गरज नाही.

वर्डप्रेसमध्ये कोणता रोल काय करतो ते थोडक्यात सांगा.

सबस्क्रायबर लॉगिन करू शकतो, स्वतःचं प्रोफाइल बदलू शकतो, बास. कॉन्ट्रिब्युटर स्वतःचे लेख लिहितो आणि तपासायला पाठवतो पण पब्लिश करू शकत नाही, आणि एकदा दुसऱ्याने पब्लिश केलं की तो लेख त्याला परत एडिटही करता येत नाही. ऑथर स्वतःचे लेख स्वतःच पब्लिश करतो, बदलतो, उडवूही शकतो, फोटो अपलोड करतो. एडिटर सगळ्यांचे लेख, पेजेस, कॅटेगरी आणि कमेंट सांभाळतो. ॲडमिन म्हणजे सगळंच: प्लगिन, थीम, सेटिंग, युजर. आणि एका इन्स्टॉलवर अनेक साइट चालत असतील, म्हणजे मल्टिसाइट असेल, तर त्याच्यावर सुपर ॲडमिन असतो.

ऑथर स्वतःचा पब्लिश झालेला लेख डिलीट करू शकतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. माणूस भांडून गेला आणि जाताना त्याने आपले सगळे लेख साफ केले तर सिस्टीम त्याला अडवणार नाही.

आमची टीम तीन-चार जणांची आहे, सगळे विश्वासातले आहेत. सगळ्यांना ॲडमिन दिला तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

विश्वास माणसावर असतो, आणि तो असायलाच हवा, नाहीतर एकत्र काम कसं करणार. पण लॉगिन वापरणारा दरवेळी तोच माणूस असेल याची खात्री कोण देणार? त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून लीक झालेला असतो आणि त्याने तोच इथे वापरलेला असतो. किंवा त्याच्या ब्राउझरमध्ये एखादं खराब एक्स्टेन्शन बसलेलं असतं. किंवा त्याने घाईघाईत खोट्या लॉगिन पेजवर पासवर्ड टाकला. माणूस चांगलाच आहे, त्याची काही वाईट इच्छा नाही, पण त्याच्या नावाने आत आलेला दुसराच कोणीतरी आहे आणि त्याच्या हातात आता पूर्ण साइट आहे.

वर्डप्रेसमध्ये ॲडमिनला प्लगिन अपलोड करता येतं. प्लगिन म्हणजे सर्व्हरवर चालणारा पीएचपी कोड. म्हणजे ॲडमिनचं लॉगिन हाती लागणं हे जवळजवळ सर्व्हरवर आपला कोड चालवता येण्यासारखंच आहे, डेटाबेस वाचता येतो, फाइल बदलता येतात, नंतर परत यायला एखादी मागची वाट तयार करून ठेवता येते. तेच कॉन्ट्रिब्युटरचं लॉगिन गेलं तर सहसा चार फालतू ड्राफ्ट येतील आणि ते तुम्ही उडवून टाकाल. चूक तीच, पासवर्ड गेला, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

ज्याला जेवढं काम तेवढेच अधिकार, हे तत्त्व आजचं नाही. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेवर जो पेपर लिहिला त्यात ते स्पष्ट मांडलंय. आणि वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब ॲप्लिकेशनच्या धोक्यांमध्ये पहिल्या नंबरवर काय होतं तर ॲक्सेस कंट्रोलमधली, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं यातली गडबड, जी २०१७ च्या यादीत पाचव्या नंबरवर होती.

तीन-चार जणांच्या टीममध्ये दोन ॲडमिन पुरतात. एकच ठेवू नका, तो आजारी पडला किंवा फोन हरवला तर सगळं अडेल. आणि ॲडमिन असलेल्याने रोजचे लेख लिहायला स्वतःसाठी एक वेगळं एडिटरचं अकाउंट ठेवलं तर फारच उत्तम.

एडिटर रोल तर सेफ आहे ना?

ॲडमिनपेक्षा नक्कीच, पण पूर्ण बिनधोक नाही. साध्या, म्हणजे मल्टिसाइट नसलेल्या वर्डप्रेसवर एडिटरला कच्चा एचटीएमएल टाकायची परवानगी असते, त्यात स्क्रिप्टही आली. म्हणजे एडिटरचं लॉगिन ज्याच्या हाती लागलं तो एखाद्या पेजमध्ये जावास्क्रिप्ट टाकून ठेवू शकतो, आणि लॉगिन असलेल्या ॲडमिनने ते पेज उघडलं की ती स्क्रिप्ट ॲडमिनच्या नावाने कामं करायला लागते. ऑथर आणि कॉन्ट्रिब्युटरच्या मजकुरातून असला कोड सेव्ह करतानाच गाळला जातो. मल्टिसाइटवर ही परवानगी फक्त सुपर ॲडमिनकडे असते, साइटच्या ॲडमिनलाही नसते, यावरूनच कळतं की ती किती नाजूक आहे.

तुमच्या एडिटर लोकांना स्क्रिप्ट टाकायची गरजच नसेल तर ही परवानगी सगळ्यांसाठी बंद करता येते, कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या मूळ सेटिंगच्या फाइलमध्ये, एका ओळीचं काम आहे.

कॉन्ट्रिब्युटरला फोटो टाकता येत नाही म्हणून त्याला ऑथर केलं, चालेल?

हे सगळीकडे होतं आणि एका फोटोसाठी त्या माणसाला न तपासता पब्लिश करायचा अधिकारही मिळून जातो. त्यापेक्षा कॉन्ट्रिब्युटरसारखाच एक नवीन रोल बनवा, त्यात फक्त फाइल अपलोडची परवानगी वाढवा. रोल मॅनेज करणारी प्लगिन आहेत, त्यात टिकमार्क करण्याएवढं सोपं आहे.

मग प्रत्येकासाठी कस्टम रोलच बनवले तर?

नको, तेही टोक आहे. वीस माणसं आणि सतरा रोल झाले की कोणत्या रोलला काय येतं हे बनवणाऱ्यालाही आठवत नाही, आणि मग कोणीतरी वैतागून म्हणतं जाऊदे ॲडमिनच देऊन टाक. कस्टम रोल तेव्हाच बनवा जेव्हा एकाच प्रकारचं काम नेहमी होत राहणार आहे आणि तयार रोलमध्ये ते नीट बसत नाही. नाव कामावरून ठेवा, माणसावरून नको. 'फोटो लेखक', 'ऑर्डर तपासणारे' असं.

एक गोष्ट माहीत असू द्या. वर्डप्रेसमध्ये रोल डेटाबेसमध्ये सेव्ह होतात, कोडमध्ये नाही. त्यामुळे एखाद्या प्लगिनने रोल बनवला किंवा एडिटरला दोन परवानग्या वाढवून दिल्या आणि नंतर तुम्ही ते प्लगिन काढून टाकलं, तरी त्या परवानग्या तशाच मागे राहू शकतात, प्लगिनने जाताना आवरून नेलं नाही तर. जुन्या साइट ताब्यात घेताना हे आधी तपासायचं. ड्रुपलमध्ये यापेक्षा बरी सोय आहे, ८ व्या व्हर्जनपासून रोल आणि परवानग्या कॉन्फिगरेशन फाइल म्हणून एक्स्पोर्ट करता येतात, गिटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टीममध्ये, ठेवल्या की कोणी कधी काय वाढवलं ते दिसतं.

ड्रुपल आणि जूमलात हे सगळं असंच चालतं का?

मूळ कल्पना तीच, पण वागणूक वेगळी, आणि एकावरून दुसऱ्यावर गेलेले लोक इथे फसतात.

ड्रुपलमध्ये एका युजरला अनेक रोल देता येतात आणि सगळ्यांच्या परवानग्यांची बेरीज होते. तिथे परवानगी 'नाकारणं' असं काही नसतं, एका रोलने दिली की मिळाली. लॉगिन न केलेला पाहुणा आणि लॉगिन केलेला साधा युजर हेसुद्धा तिथे रोलच असतात, त्यामुळे लॉगिन केलेल्यांच्या रोलवर चुकून एक टिक पडली तर ती साइटवरच्या प्रत्येक युजरला लागू होते. काही परवानग्यांपुढे ड्रुपल स्वतःच इशारा लिहितं की ही फक्त भरवशाच्या रोललाच द्या. तो इशारा खरंच वाचा, उगाच लिहिलेला नाही. शिवाय पहिला युजर, म्हणजे ज्याचा आयडी १ आहे, त्याला कुठलीच परवानगी अडवत नाही. १०.३ व्हर्जनपासून हा विशेष अधिकार बंद करायची सोय आलीये. ती वापरत नसाल तर निदान ते अकाउंट रोजच्या कामाला कोणी वापरू नये.

जूमलात २०११ च्या १.६ व्हर्जनपासून आजची परवानग्यांची पद्धत आहे. तिथे युजर ग्रुपमध्ये असतो, ग्रुपच्या आत ग्रुप असतात आणि वरच्याची परवानगी खाली येते. तिथे नाकारता येतं, आणि वर एकदा नकार दिला की खालच्या ग्रुपमध्ये कितीही परवानगी द्या, ती चालत नाही. तासन् तास डोकं खाजवणारे लोक बहुतेक वेळा इथेच अडकलेले असतात, की सेटिंगमध्ये तर परवानगी दिसतेय मग चालत का नाही. वरच्या ग्रुपमध्ये जाऊन नकार कुठे दिलाय ते शोधा. आणि एक, जूमलात काय बघता येतं आणि काय करता येतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बघण्यासाठी ॲक्सेस लेव्हल आणि करण्यासाठी परवानग्या. दोन्ही तपासायच्या.

सगळ्यांनी मिळून एकच लॉगिन वापरलं तर सोपं पडतं, का नाही करायचं?

कारण पेज कोणी उडवलं ते कळत नाही. एक जण सोडून गेला की पासवर्ड सगळ्यांसाठी बदलावा लागतो, म्हणून कोणी बदलतच नाही. पासवर्ड मग चॅटमध्ये फिरत राहतो, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरे मागणारी दुसरी पायरी, लावायला गेलं तर फोन कोणाचा हा प्रश्न येतो. माणूस तेवढी अकाउंट, यात कधीच तडजोड करू नका.

माणूस काम सोडून गेला. अकाउंट डिलीट करू का?

डिलीट करायच्या आधी थांबा. वर्डप्रेस विचारतं की याच्या लेखांचं काय करायचं, सगळं उडवायचं की दुसऱ्या युजरच्या नावावर करायचं. घाईत चुकीचा पर्याय निवडला तर वर्षभराचं काम जाईल. बॅकअप घेतल्याशिवाय हे बटण दाबूच नये असं माझं मत आहे.

बऱ्याच ठिकाणी डिलीट करायची गरजही नसते. लेखाखाली त्या माणसाचं नाव राहायला हवं असेल, आणि त्याने लिहिलंय तर ते राहायलाच हवं, तर रोल 'या साइटवर कोणताही रोल नाही' असा करा, पासवर्ड बदला आणि अकाउंटचा ईमेल आपल्या ताब्यातला करा, नाहीतर तो पासवर्ड रिसेट मागवून परत लॉगिन करू शकतो. पासवर्ड बदलला की वर्डप्रेसमधली त्याची चालू सेशन आपोआप बंद पडतात. पण ॲप्लिकेशन पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या ॲपला जोडायला बनवलेले पासवर्ड, बंद पडत नाहीत! ते वेगळे असतात, प्रोफाइलमध्ये खाली जाऊन रद्द करावे लागतात. ड्रुपलमध्ये काम सोपं आहे, अकाउंट ब्लॉक करायची सरळ सोय आहे.

आणि साइट म्हणजे फक्त साइटचं लॉगिन नाही. होस्टिंगचा कंट्रोल पॅनल, एफटीपी किंवा एसएसएच (सर्व्हरवर थेट शिरायचे मार्ग), डेटाबेस, डोमेन जिथे घेतलंय ते अकाउंट, ॲनालिटिक्स, ईमेल पाठवायची सेवा, बॅकअप जिथे साठतात ती जागा, या सगळ्यातून तो माणूस बाहेर काढायचा. डोमेनचं अकाउंट सोडून गेलेल्या माणसाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर आजच बदलून घ्या, कारण डोमेन ज्याच्या हातात त्याला साइटचा पासवर्ड लागतच नाही, तो साइट दुसरीकडेच वळवू शकतो.

हे सगळं माणूस जाण्याच्या दिवशीच करायचं, नंतर कधीतरी नाही. यात त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, उलट नंतर काही गडबड झाली तर त्याच्यावर विनाकारण संशय येत नाही.

डेव्हलपर ॲडमिन मागतोय. द्यायचा का?

काम काय आहे त्यावर. प्लगिन किंवा थीमचं काम असेल तर लागेल. पण त्याच्या नावाने वेगळं अकाउंट काढून द्या, तुमचं लॉगिन चॅटवर पाठवू नका. शक्य असेल तर आधी स्टेजिंग साइटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या प्रतीवर, काम करायला सांगा, आणि तिथे खऱ्या ग्राहकांचा डेटा नसेल असं बघा. काम संपलं की त्याच दिवशी रोल उतरवा, पुढच्या वेळी लागला तर परत द्यायला एक मिनिट लागतं. चांगला डेव्हलपर याला कधीच वाईट मानत नाही, तो स्वतःच सांगतो की माझा ॲक्सेस आता काढा.

पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावतो आम्ही. बरोबर आहे ना?

आता तसं सांगत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच म्हटलं की ठरावीक दिवसांनी जबरदस्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, लीक झाल्याचं कळलं तर मात्र लगेच बदला. कारण उघड आहे, दर महिन्याला बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा वाढवतात. त्याऐवजी लांब पासवर्ड, प्रत्येक साइटला वेगळा, आणि ते लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर. लीक झालेल्या पासवर्डच्या यादीत असलेला पासवर्ड सिस्टीमने घेऊच नये असंही त्याच मार्गदर्शनात आहे, आणि मला विचाराल तर मोठं अक्षर, आकडा, चिन्ह असल्या अटींपेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी आहे.

टू-फॅक्टर खरंच लावायलाच हवं का? आणि फोन हरवला तर?

ॲडमिन आणि एडिटरला तरी सक्तीचं करा. वर्डप्रेसच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ते नाही, प्लगिनने लावावं लागतं. जूमलात ते ३.२ व्हर्जनपासून आहे. आणि वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत प्लगिन आणि थीम टाकणाऱ्यांना तर ऑक्टोबर २०२४ पासून ते सक्तीचंच केलंय, कारण एका प्लगिनवाल्याचं अकाउंट गेलं तर त्याचा त्रास ते प्लगिन वापरणाऱ्या हजारो साइटना होतो.

एसएमएसवर येणाऱ्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप चांगलं, कारण सिम दुसऱ्याच्या नावावर फिरवून एसएमएस पळवता येतो. ॲपमधला सहा आकडी कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो. तरी खोट्या पेजवर तुम्ही स्वतःच तो कोड टाकला तर चोर तेवढ्या वेळात वापरू शकतो. पासकी (फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली, पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) किंवा हार्डवेअर की (तशीच किल्ली असलेलं छोटं यंत्र) यात हा धोका नसतो, कारण ती खऱ्या डोमेनशी बांधलेली असते, खोट्या साइटवर चालतच नाही. सोय असेल तर ॲडमिनला पासकीच द्या.

फोन हरवण्यासाठी बॅकअप कोड असतात. सेटअप करतानाच ते मिळतात, ते कागदावर किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट काढून ठेवला तर फोनबरोबर तोही जाणार. आणि आणखी एक ॲडमिन असला तर तो तुमचं टू-फॅक्टर रिसेट करून देऊ शकतो, दोन ॲडमिन ठेवा म्हणायचं हेही एक कारण.

लॉगिन पेजचा पत्ता बदललाय आणि युजरनेम 'ॲडमिन' ठेवलेलं नाही. एवढं पुरे?

याने बॉटची गर्दी कमी होते, लॉग स्वच्छ दिसतो, एवढा फायदा आहे. पण युजरनेम गुपित आहे असं समजून चालू नका. वर्डप्रेसमध्ये लेखकाच्या पानाच्या लिंकमधून, रेस्ट एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमना साइटशी बोलायचा मार्ग), लॉगिन चुकल्यावर येणाऱ्या मेसेजमधून ते कळू शकतं. वर्डप्रेस स्वतः युजरनेमला गुपित मानत नाही. त्यापेक्षा लॉगिन किती वेळा चुकलं की थांबवायचं याची मर्यादा लावा, मूळ वर्डप्रेसमध्ये अशी मर्यादा नाही.

डॅशबोर्डमधून मेनू लपवला की ॲक्सेस बंद झाला ना?

अजिबात नाही! मेनू लपवला म्हणजे फक्त बटण दिसत नाही. त्या पेजचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकला आणि परवानगी असली तर पेज उघडणारच. परवानगी काढा, मेनू आपोआप जाईल.

हीच चूक प्लगिन लिहिणारेही करतात. विनंती आपल्याच फॉर्ममधून आली का एवढं तपासतात, वर्डप्रेसमध्ये त्याला नॉन्स म्हणतात, पण ती करणाऱ्या युजरला ते काम करायची परवानगी आहे का हे तपासायचं राहून जातं. मग साधा सबस्क्रायबरसुद्धा सेटिंग बदलू शकतो. प्लगिनच्या त्रुटींच्या बातम्यांमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर किंवा वरच्या रोलला शक्य' असं लिहिलेलं दिसतं ना, त्याचा अर्थ हाच की तुमच्या साइटवर कॉन्ट्रिब्युटर कोण कोण आहेत यावर तुमचा धोका ठरतो.

आणि मोठे लोकही यातून सुटलेले नाहीत. वर्डप्रेस ४.७ आणि ४.७.१ मध्ये रेस्ट एपीआयमध्ये अशी त्रुटी होती की लेखाच्या आयडीच्या आकड्याला शेवटी अक्षरं चिकटवून पाठवली की परवानगी तपासणाऱ्या भागाला तसा लेखच सापडायचा नाही म्हणून तो विनंती पुढे जाऊ द्यायचा, आणि लेख बदलणारा भाग मात्र त्यातला आकडा उचलून खरा लेख बदलून टाकायचा. लॉगिनची गरजच नाही. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ ने ते दुरुस्त केलं, पण ज्यांनी अपडेट केलं नाही अशा खूप साइटवरचे लेख नंतरच्या दिवसांत बदलले गेले. रोल कितीही नीट लावा, तपासणारा कोडच चुकला तर उपयोग नाही, म्हणून सुरक्षेचे अपडेट आपोआप चालू ठेवा.

कोणालाही रजिस्टर करू द्यायचं का?

गरज असेल तरच. दुकान, सभासद, कोर्स असं काही असेल तर लागतं, नाहीतर ती टिक काढून टाका. चालू ठेवलं तर नवीन युजरचा डिफॉल्ट रोल सबस्क्रायबरच आहे का ते अधूनमधून बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स या प्लगिनच्या त्रुटीतून हल्लेखोरांनी नेमकं हेच केलं, रजिस्ट्रेशन चालू केलं, डिफॉल्ट रोल ॲडमिन केला, आणि मग सरळ पुढच्या दाराने स्वतःची अकाउंट काढली.

लेख प्रायव्हेट ठेवलाय, म्हणजे त्यातले फोटो आणि पीडीएफ पण सेफ ना?

नाही, आणि हे जास्तीत जास्त लोकांना कळायला हवं. वर्डप्रेसमध्ये अपलोड केलेली फाइल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये असते आणि तिची लिंक ज्याच्याकडे आहे तो लॉगिन न करता उघडू शकतो. लेख ड्राफ्ट असो, प्रायव्हेट असो, फाइलला त्याने फरक पडत नाही. कोणाची ओळखपत्रं, पगाराचे कागद, तब्येतीचे रिपोर्ट असलं काहीही मीडिया लायब्ररीत टाकू नका. ड्रुपलमध्ये प्रायव्हेट फाइल सिस्टीम वेगळी लावता येते, तिथे फाइल देण्याआधी परवानगी तपासली जाते.

बाहेरचं ॲप किंवा ऑटोमेशन साइटला जोडायचंय, कोणता पासवर्ड द्यायचा?

तुमचा तर कधीच नाही. वर्डप्रेस ५.६ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, ॲप्लिकेशन पासवर्ड आहेत. प्रत्येक ॲपसाठी वेगळा बनवा, नाव द्या, तो शेवटचा कधी आणि कोणत्या आयपीवरून वापरला ते तिथेच दिसतं आणि एकटा रद्द करता येतो. पण त्याला त्या युजरचे सगळे अधिकार मिळतात हे विसरू नका. म्हणून ॲडमिनच्या प्रोफाइलमध्ये तो बनवायचा नाही. त्या ॲपसाठी वेगळा युजर काढा, लेख टाकायचे असतील तर ऑथर पुरतो, आणि त्या युजरचा ॲप्लिकेशन पासवर्ड द्या.

युजर लिस्टमध्ये ओळखीचा नसलेला ॲडमिन दिसतोय. काय करू?

घाबरून नुसता त्याला डिलीट करून मोकळे होऊ नका. तो कधी बनला, कुठून आला, हे कळायला हवं, नाहीतर उद्या दुसरा येईल.

आधी आहे त्या अवस्थेचा बॅकअप घ्या, फाइल आणि डेटाबेस दोन्ही, आणि सर्व्हरचे लॉग उतरवून ठेवा कारण होस्टिंगवाले ते काही दिवसांनी पुसतात. मग त्या अकाउंटचा रोल काढा. सगळ्या ॲडमिनचे पासवर्ड बदला, डेटाबेसचा, होस्टिंगचा, एफटीपीचाही. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त की आणि सॉल्ट (लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकी ज्यांवरून बनतात ते गुप्त मजकूर) बदलले की सगळे युजर एकदम लॉगआउट होतात, चोराचं चालू सेशनही जातं. सगळ्यांचे ॲप्लिकेशन पासवर्ड तपासा. मग फाइल बघायच्या: अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल आहेत का, अनोळखी प्लगिन आहे का, मूळ फाइल बदलल्यात का. कोडमधून असा ॲडमिन यादीतून लपवताही येतो, म्हणून डॅशबोर्डवरच्या यादीवर भरवसा ठेवू नका, डेटाबेसमधल्या युजर टेबलशी ताडून बघा. स्वच्छ असलेला जुना बॅकअप असेल तर तो परत आणणं बऱ्याचदा जास्त सोपं पडतं, पण आधी ते भोक बुजवा, ज्यातून तो आला.

ग्राहकांचा डेटा साइटवर असेल तर तुमच्याकडच्या कायद्यानुसार कोणाला कळवायला लागतं तेही लगेच बघा.

डॅशबोर्डमधून थीमचा कोड एडिट करायची सोय ठेवू का?

बंद करा. कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीने तो एडिटर सगळ्यांसाठी बंद होतो, ॲडमिनलासुद्धा. आणखी कडक हवं असेल तर दुसरी ओळ आहे जिने प्लगिन टाकणं आणि अपडेट करणंही डॅशबोर्डवरून बंद होतं, पण मग अपडेट दुसऱ्या मार्गाने वेळेवर होतील याची सोय आधी करावी लागते, नाहीतर फायद्यापेक्षा तोटाच.

युजरची यादी किती दिवसांनी तपासायची?

तीन महिन्यांनी एकदा बसा, मोठी टीम असेल तर महिन्याला. प्रत्येक नावापुढे विचारा: हा अजून आहे का, शेवटचं लॉगिन कधी, आजच्या कामाला हा रोल लागतो का. मूळ वर्डप्रेस शेवटचं लॉगिन दाखवत नाही, त्यासाठी ॲक्टिव्हिटी लॉगचं प्लगिन लागतं आणि ते आत्ताच टाकून ठेवा, कारण लॉग टाकल्यापासूनच्या गोष्टी नोंदवतो, मागच्या नाही. यादी तपासायचं काम एका ठरलेल्या माणसाकडे द्या. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हटलं की कोणीच ठेवत नाही. आणि ज्याचा रोल उतरवाल त्याला आधी सांगा, का ते पण सांगा, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही आणि लागेल तेव्हा तो हक्काने परत मागेल.